परदेशात इंग्रजी शिकवण्याची पहिली नोकरी: रिक्रुटर, थेट अर्ज की सरकारी योजना?

पदवी हातात आहे, परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा टेफल कोर्स झाला आहे, देशही साधारण ठरला आहे. आता अर्ज कुठे करायचा? वाटा तीन आहेत: रिक्रुटरला सीव्ही द्यायचा आणि त्याने शाळा शोधायची, शाळांना स्वतः लिहायचं, किंवा त्या देशाच्या सरकारी योजनेत अर्ज टाकायचा. कुठली वाट बरी हे देशावर, पासपोर्टवर आणि हाताशी किती महिने आहेत यावर ठरतं. पण त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण पुढचे बहुतेक घोळ तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. रिक्रुटर हा शाळेचा माणूस असतो, तुमचा नव्हे.

त्याचे पैसे कुठून येतात

शिक्षक रुजू झाला की शाळा रिक्रुटरला ठरलेलं कमिशन देते. पुष्कळदा त्यातला काही भाग शिक्षक पहिले दोन-तीन महिने टिकल्यावरच मिळतो, किंवा शिक्षक त्याआधी निघून गेला तर दुसरा माणूस फुकट आणून द्यायचा अशी अट असते. म्हणजे तुम्ही लवकर सही करावी आणि पहिली तिमाही काढावी, इथवर त्याचा आणि तुमचा फायदा एकच. आठव्या महिन्यात पगार उशिरा येऊ लागला तर ते त्याच्या कामात बसत नाही. यात लबाडी असतेच असं नाही, धंद्याची रीतच तशी आहे. चांगला रिक्रुटरही याच चौकटीत काम करतो.

यातूनच पहिला नियम निघतो: रिक्रुटरने तुमच्याकडे पैसे मागितले की तिथेच थांबायचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या करारातही खासगी रोजगार संस्थांनी उमेदवाराकडून शुल्क घेऊ नये हेच तत्त्व आहे. अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारकडून घ्यायचं प्रमाणीकरण), पोलीस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी, वकिलातीची व्हिसा फी हे खर्च तुमचे असू शकतात, पण ते त्या त्या कार्यालयात भरायचे आणि पावती घ्यायची. ‘नोंदणी फी’, ‘फाइल चार्ज’, ‘जागा राखून ठेवण्यासाठी डिपॉझिट’ असं काही रिक्रुटरच्या खात्यात जात असेल तर नोकरी बहुधा अस्तित्वातच नसते.

आणखी एक फरक ओळखता आला पाहिजे. काही कंपन्या रिक्रुटर वाटतात, पण त्या स्वतःच मालक असतात. जपानमधल्या डिस्पॅच कंपन्या तुम्हाला आपल्या पगारावर ठेवतात आणि सरकारी शाळांत शिकवायला पाठवतात. त्यांच्या करारात शाळेच्या सुट्टीच्या महिन्यांत पगार कमी होतो का, हे आधी पाहायचं. चीनमध्येही काही एजन्सी शाळेकडून एक रक्कम घेतात आणि तुम्हाला त्यातली काही देतात. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: पगार कोण देणार, करारावर सही कोणाची आणि व्हिसाचा प्रायोजक कोण? तिन्ही उत्तरांत एकच नाव आलं तर चित्र स्वच्छ. वेगवेगळी नावं आली तर प्रत्येकाची जबाबदारी लेखी घ्या.

रिक्रुटर कुठे कामाला येतो

जिथे कागदपत्रांचं काम किचकट आहे आणि शाळा हजारोंच्या संख्येने आहेत, तिथे. दक्षिण कोरियाचे हागवॉन, म्हणजे खासगी शिकवणी वर्ग, हे याचं सर्वात ठळक उदाहरण. तिथे शिकवायला लागणाऱ्या ई-२ व्हिसासाठी पदवी आणि राष्ट्रीय स्तरावरचा पोलीस दाखला, दोन्ही अपोस्टिल केलेले लागतात. नेहमीच्या वाटेने हा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. इतरांसाठी काही अपवाद देशादेशांमधल्या करारांतून येतात, ते कोरियन वकिलातीकडूनच तपासायचे. तुमच्या पासपोर्टवर व्हिसा निघत नसेल तर कुठलाही रिक्रुटर तो काढून देऊ शकत नाही. ‘आमची ओळख आहे’ म्हणणाऱ्याला तिथेच राम राम.

कागद कुठल्या क्रमाने करायचे हे चांगला रिक्रुटर न विचारता सांगतो. पदवीच्या अपोस्टिलला मुदत नसते, म्हणून ते आधी उरकायचं. पोलीस दाखला मात्र साधारण सहा महिन्यांच्या आतला लागतो. तो फार लवकर काढला तर व्हिसाच्या वेळी शिळा होतो, उशिरा काढला तर रुजू होण्याची तारीख हुकते. या दोन कागदांना मिळून दोन-तीन महिने धरून चालावं. मूळ पदवी कुरियरने पाठवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. नोटरी केलेल्या प्रतीवर अपोस्टिल चालत असेल तर तीच पाठवा.

चीनमध्येही रिक्रुटरचा उपयोग आहे, पण तिथे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. शिकवण्यासाठी झेड व्हिसा लागतो आणि देशात पोहोचल्यावर ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. व्यवसायाच्या एम व्हिसावर किंवा पर्यटकाच्या एल व्हिसावर ‘आत्ता या, नंतर बदलून देऊ’ हे आश्वासन म्हणजे बेकायदा काम. पकडलं गेलं तर दंड, अटक आणि हकालपट्टी शिक्षकाच्या वाट्याला येते. वर्क परमिटवर ज्या संस्थेचं नाव आहे तिथेच शिकवायचं. परमिट एका संस्थेचं आणि वर्ग दुसरीकडे, हाही गुन्हाच. जुलै २०२१ मधल्या ‘दुहेरी भार कमी करा’ धोरणानंतर शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं आली. त्यामुळे एखादं शिकवणी केंद्र आज कोणत्या परवान्यावर चालतं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

थेट अर्ज

रिक्रुटर नसला की शाळेशी सुरुवातीपासून थेट बोलणं होतं, आणि शाळेचं कमिशन वाचत असल्याने पगारावर घासाघीस करायला थोडी जागा राहते. पण सगळी मेहनत तुमची: शाळांची यादी, प्रत्येकीला वेगळं पत्र, व्हिसाचे नियम स्वतः वाचणं, मुलाखतीच्या वेळा जुळवणं. पहिल्याच नोकरीत अनुभवाचा रकाना रिकामा असतो, त्यामुळे बरीच पत्रं अनुत्तरित राहतात. इथे सेल्टासारख्या शिक्षक-प्रशिक्षण कोर्सचा फरक जाणवतो, कारण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, परीक्षकाच्या देखरेखीखाली सहा तास शिकवलेलं असतं. नुसत्या ऑनलाइन टेफल प्रमाणपत्रात ते नसतं.

व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये बऱ्याच भाषा केंद्रांना माणूस समोर हवा असतो. मुलाखत, नमुना तास आणि लगेच निर्णय. अशा ठिकाणी रिक्रुटरमुळे फार काही साधत नाही. मात्र तिथेही वर्क परमिटशिवाय शिकवणं बेकायदाच आहे, आणि पदवी व पोलीस दाखल्याचं प्रमाणीकरण मायदेशी करून न आणल्यास नंतर ते दुरून करून घेणं फार जिकिरीचं होतं. युरोपातल्या भाषाशाळाही बहुधा थेटच नेमणूक करतात, पण युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टला वर्क परमिट देण्याच्या भानगडीत पडायला त्या सहसा तयार नसतात.

सरकारी योजना

तुमचा पासपोर्ट पात्र असेल आणि घाई नसेल तर सर्वांत आधी इकडे पाहा असं आम्ही सांगू. जपानची जेट योजना १९८७ पासून चालू आहे. अर्ज जपानच्या वकिलातीमार्फतच जातो, मध्ये रिक्रुटर नसतो. शरद ऋतूत अर्ज, हिवाळ्यात मुलाखत आणि पुढच्या उन्हाळ्यात प्रस्थान, म्हणजे जवळजवळ वर्ष जातं. कोरियाची एपिक योजना १९९५ पासूनची. तिच्यात वर्षाला दोन भरती होतात, आठवड्याला २२ तास शिकवणं असतं आणि अर्ज थेट किंवा एखाद्या मान्य रिक्रुटरमार्फत करता येतो. दोन्हीकडून एकदम अर्ज केला तर तो बाद होऊ शकतो. स्पेनमध्येही सरकारी शाळांत भाषा सहायक नेमण्याची योजना आहे.

या वाटेचा तोटा एकच, पण मोठा: गाव आणि शाळा तुमच्या हातात नसते. पसंती कळवता येते, मिळेलच असं नाही. सोबत जोडीदार असेल किंवा ठरावीक शहरातच राहणं भाग असेल तर ही वाट तुमच्यासाठी नाही.

करारातली एक ओळ

कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटी करार तुम्हालाच वाचायचा आहे. ‘आठवड्याला ३० तास’ ही एकच ओळ घ्या. शाळेचा तास ४० मिनिटांचा असेल आणि ओळीचा अर्थ ३० तासिका असेल, तर प्रत्यक्ष शिकवणं १,२०० मिनिटं, म्हणजे घड्याळाचे २० तास. पण करारात कुठेतरी ‘एक तास म्हणजे ६० मिनिटं’ असं बारीक अक्षरात असेल, तर १,८०० मिनिटं भरायला ४० मिनिटांच्या ४५ तासिका घ्याव्या लागतात, दिवसाला नऊ. पगार तोच, काम दीडपट. रिक्रुटर फोनवर ‘तीसच तास आहेत’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, आणि तुम्हीही चुकीचं ऐकलेलं नसतं. म्हणून असं विचारा: आठवड्याला किती तासिका, प्रत्येकी किती मिनिटांची, त्याखेरीज शाळेत किती वेळ थांबायचं, आणि किती तासिकांनंतर जादा कामाचा दर लागू होतो?

दुसरी ओळ कराराच्या मुदतीची. कोरियात एक वर्ष पूर्ण केल्यावर साधारण एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम निवृत्ती लाभ म्हणून देणं मालकाला बंधनकारक आहे. ११ महिन्यांचा करार समोर आला तर तो कशासाठी केला आहे हे सांगायला नको. तिथेच पगारातून ३.३ टक्के कर कापण्याची ओळ दिसली तर शाळा तुम्हाला नोकर न धरता स्वतंत्र ठेकेदार दाखवते आहे, म्हणजे पेन्शन आणि आरोग्य विम्यातला मालकाचा वाटा गेला.

विमानाचं तिकीट आगाऊ की नंतर भरपाई, आणि सहा महिन्यांआधी सोडलं तर ते पैसे परत द्यायचे का, हे पाहा. घर शाळेचं असेल तर वीज-गॅस कोणाचा आणि डिपॉझिट किती? नोटीस किती दिवसांची? करार दोन भाषांत असेल तर वादाच्या वेळी कोणती प्रत ग्राह्य, हेही वाचा. बहुतेकदा स्थानिक भाषेतली असते. तसं असेल तर ती प्रत जाणकाराकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको.

रिक्रुटरबरोबर काम करायचं ठरलं तर

दोन-तीन रिक्रुटर पुरेत, आणि पहिल्याच ईमेलमध्ये एक वाक्य घाला: ‘शाळेचं नाव आधी मला कळवा आणि माझा होकार आल्यावरच सीव्ही पाठवा.’ हे वाक्य नसलं तर एकाच शाळेकडे दोघांकडून तुमचा सीव्ही जातो. मग कमिशन कोणाचं यावर वाद नको म्हणून शाळा तुम्हालाच बाजूला करते आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. पासपोर्टची प्रत ऑफर येईपर्यंत देऊ नका. फोटो आणि एक-दोन मिनिटांचा ओळखीचा व्हिडिओ एवढ्यावर मुलाखत होते.

मुलाखतीनंतर सध्या तिथे शिकवणाऱ्या शिक्षकाशी बोलायला मागा, तेही व्यवस्थापक शेजारी नसताना. त्याला तीनच प्रश्न पुरतात: पगार ठरल्या तारखेला येतो का, गेल्या वर्षी करार संपण्याआधी कितीजण सोडून गेले, आजारी पडलात तर काय होतं? ‘शिक्षक फार कामात आहेत’ असं दोनदा ऐकू आलं तर ते नकाराचंच उत्तर समजा. ‘२४ तासांत सही करा, नाहीतर जागा जाईल’ असा निरोप आला तर शांतपणे दोन दिवस मागा. भरती खरी असेल तर शाळा दोन दिवस थांबते.

सही झाल्यावर शाळेचा थेट फोन, व्यवस्थापकाचा ईमेल आणि राहण्याचा पूर्ण पत्ता घेऊन ठेवा, कारण विमान उतरल्यावर रिक्रुटरचा फोन लागेलच असं नाही. कराराची सही-शिक्का असलेली प्रत, व्हिसाची प्रत आणि कागदपत्रांचे स्कॅन स्वतःच्या ईमेलवर ठेवा. नोंदणीसाठी शाळेने पासपोर्ट घेतला तर परत कधी मिळणार ती तारीख लिहून घ्या, आणि त्या तारखेला जाऊन मागा.