पिशवी काढायची की अस्तर जाळून घ्यायचं?

पाळीत जास्त जातंय म्हणून मिरजेला दाखवायला गेलं की दोन गोष्टी कानावर येतात, पिशवी काढून टाका नाहीतर आतलं अस्तर जाळून घ्या, म्हणजे अ‍ॅब्लेशन. अ‍ॅब्लेशनला पोटावर टाके नाहीत, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी सोडतात, मग ऐन भांगलणीत कुणालाही तेच बरं वाटणार. पिशवी काढली की महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, आणि ते घरात कोण पाळू देतंय ओ.

पण सात-आठ वर्षांनंतरचा हिशोब वेगळाय. 2008 साली अमेरिकेत 3681 बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात अ‍ॅब्लेशन करूनही 21 टक्के जणींची नंतर पिशवी काढावीच लागली, आणि चाळीस किंवा त्याच्या आतल्या बायकांत ही शक्यता 40 टक्क्यांच्या वर गेली. सत्तेचाळीशीतल्या बाईची पाळी तशीही जायला आलेली असते, तिला मी अ‍ॅब्लेशनच सांगेन, पण छत्तीस-सदतीसचीला आधी दहादा विचार कर म्हणेन.

त्यात आपल्याकडं बऱ्याच जणींचं दोन लेकरांवर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं. अस्तराचा एखादा तुकडा वरच्या कोपऱ्यात जिवंत राहिला तर रक्त तिथंच साठतं, नळ्या बांधलेल्या आणि खाली पिशवी चिकटलेली, त्यामुळं अंगावरून काहीच जात नाही पण महिन्याच्या महिन्याला ओटीपोटात कळा येतात आणि बाई गॅसच्या गोळ्या खात बसते. ऑपरेशन झालेलं नसलं तर उलटी भानगड, दिवस जाऊ शकतात आणि ते धोक्याचं असतं, म्हणून दिवस न जाण्याची सोय करावीच लागते.

पिशवी काढली की पाळीचा विषयच संपला हे खरं, फक्त अंडाशय ठेवतायत ना हे तोंडानं विचारून घ्या, तरुणपणी तीही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात.

आणि हो, मिरेना! कॉपर-टी सारखीच बसवतात पण हिच्यात हार्मोन असतं, साधारण पाच वर्षं चालते, पिशवीत मोठ्या गाठी नसतील तर ब्रिटनमध्ये हीच आधी सुचवतात. सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, तेवढ्यात वैतागून काढून टाकू नका. फिनलंडच्या अभ्यासात मिरेना दिलेल्या बायकांपैकी पाच वर्षांत 42 टक्के जणींची पिशवी शेवटी काढली, म्हणजे निम्म्याहून जास्त जणींची वाचली की.

अ‍ॅब्लेशनच ठरलं तर आधी बायोप्सी झालीय का बघा, नंतर आतून तुकडा घेणं अवघड जातं. सोनोग्राफीत अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरलेलं, असं लिहिलं असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, तसल्या पिशवीत अ‍ॅब्लेशन फसायची शक्यता जास्त.