अजून न आलेल्या सिनेमांचा तक्ता: मे ते मार्च, एक पूर्ण सीझन वापरल्यानंतर

फेस्टिव्हलमध्ये दाखवलेले पण अजून थिएटरात न आलेले सिनेमे विसरू नयेत म्हणून केलेली ही मांडणी साधी आहे. सिनेमा-डायरीच्या ॲपमधली वॉचलिस्ट (पाहायच्या सिनेमांची यादी) आणि तिच्या जोडीला एक स्प्रेडशीट. मे महिन्यात फ्रान्समधला कान फेस्टिव्हल सुरू होतो तिथपासून मार्चमधल्या ऑस्कर सोहळ्यापर्यंत, म्हणजे एक पुरस्कार-सीझन, हे चालवलं. आता मत असं की नुसती वॉचलिस्ट म्हणजे अडगळीची खोली. सिनेमा आत जातो आणि विसरला जातो. तक्ता उपयोगी पडतो, पण त्यातले दोन रकाने नियमित भरले तरच.

एकूण रकाने नऊ: मूळ नाव, इंग्रजी नाव, दिग्दर्शक, पहिला फेस्टिव्हल आणि त्यातला विभाग, सेल्स कंपनी, वितरक, कोणत्या देशाची ऑस्कर प्रवेशिका, सीझन, पुढची तारीख. दोन्ही नावं लागतातच, नाहीतर एकच सिनेमा दोन ओळींत शिरतो. विभागाकडे बहुतेक लोक बघत नाहीत, आणि खरा माल तिथेच असतो. कानची मुख्य स्पर्धा सगळेच पाहतात. लहान सिनेमे 'अँ सर्तें रगार', डायरेक्टर्स फोर्टनाइट आणि क्रिटिक्स वीक या बाजूच्या विभागांत सापडतात. व्हेनिसला 'ओरिझोन्ती', टोरोंटोला 'प्लॅटफॉर्म'. लॅटव्हियाची ॲनिमेशन फिल्म 'फ्लो' मे 2024 मध्ये 'अँ सर्तें रगार'मध्ये होती आणि मार्च 2025 मध्ये ऑस्कर घेऊन गेली. अमेरिकेतल्या टेल्युराइड फेस्टिव्हलसाठी रकाना आधी भरायच्या फंदात पडू नये. तिथली यादी फेस्टिव्हलच्या आदल्या दिवसापर्यंत गुलदस्त्यात असते.

आता ते दोन रकाने. पहिला वितरकाचा. सेल्स कंपनी आणि वितरक यांत गल्लत होते. सेल्स कंपनी देशोदेशीचे हक्क विकते. सिनेमा थिएटरात लावतो तो वितरक. सेल्स कंपनीचं नाव दिसलं म्हणून सिनेमा येतोय असं समजलात की फसलात. टोरोंटो उरकल्यावरही अमेरिकन वितरक नसेल, तर तो सिनेमा बहुधा पुढच्या वर्षावर जातो. अपवाद असतात. 'नो अदर लँड' फेब्रुवारी 2024 मध्ये बर्लिनला दाखवली गेली, मोठा अमेरिकन वितरक शेवटपर्यंत मिळाला नाही, तरी मार्च 2025 मध्ये माहितीपटाचं ऑस्कर तिलाच मिळालं. पण अपवादांवर तक्ता चालवू नये.

दुसरा रकाना प्रवेशिकेचा. 97व्या ऑस्करच्या (मार्च 2025) नियमांनुसार आंतरराष्ट्रीय सिनेमाच्या विभागात एका देशाचा एकच सिनेमा, आणि निवड त्या देशाची समिती करायची. त्यामुळे फेस्टिव्हलमधलं बक्षीस आणि ऑस्करची प्रवेशिका यांचा संबंध वाटतो त्यापेक्षा खूप सैल आहे. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला 2024 मध्ये कानची ग्राँ प्री (दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस) मिळाली. भारताने पाठवला 'लापता लेडीज', सहनिर्मात्या फ्रान्सने 'एमिलिया पेरेझ'. कपाडियाचा सिनेमा त्या विभागातून सप्टेंबरमध्येच बाहेर. तेव्हा बक्षीस मिळालं की लगेच ठळक अक्षरात लिहू नका, सप्टेंबरअखेरपर्यंत रकाना कोरा ठेवा. पुढची चाळण डिसेंबरच्या मध्यावर: 97व्या ऑस्करला 85 देशांच्या प्रवेशिका पात्र होत्या, शॉर्टलिस्टमध्ये राहिल्या 15, नामांकनात 5.

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा. बहुतेक डेटाबेस पहिल्या फेस्टिव्हलचं साल लावतात. 'सिंग सिंग' सप्टेंबर 2023 मध्ये टोरोंटोला, थिएटरात जुलै 2024 मध्ये आणि ऑस्करची तीन नामांकनं जानेवारी 2025 मध्ये. सालाने गाळणी लावली तर असा सिनेमा नेमका हवा तेव्हा गायब होतो. म्हणून साल न लिहिता सीझन लिहावा, '2024-25' असा.

डिसेंबरमधली 'रिलीज' तारीखही फसवी. ती पुष्कळदा पात्रतेपुरती असते: ठरावीक अमेरिकन शहरांपैकी एकात सलग सात दिवस खेळ, की बहुतेक विभागांपुरतं काम झालं. बाकीच्यांच्या वाट्याला तो सिनेमा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, कधी त्याहून उशिरा. तक्त्यात 'पात्रता' आणि 'प्रत्यक्ष' अशा दोन तारखा एकाच खान्यात तिरकी रेघ मारून लिहिल्या की गोंधळ मिटतो. मराठी सिनेमाचं अंतर याहून मोठं असू शकतं. 'स्थळ' टोरोंटोला सप्टेंबर 2023 मध्ये, इथे थिएटरात मार्च 2025 मध्ये, म्हणजे दीड वर्ष. 'साबर बोंडं' जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलमध्ये जिंकला आणि सप्टेंबरात लागलाही. सरासरी काढण्यात अर्थ नाही.

वॉचलिस्टच्या सूचना कामाच्या आहेत, पण ॲपमध्ये देश चुकीचा निवडलेला असेल तर भलत्याच देशातल्या स्ट्रीमिंगची सूचना येते. ही सेटिंग पहिल्या दिवशीच तपासावी.

ओळींची मर्यादा 25. चाळीसच्या पुढे गेलं की कुणी तारखा बदलत नाही आणि तक्ता मेला. नवी ओळ हवी तर एक जुनी काढायची. भर घालायला सर्वांत चांगली जागा म्हणजे कमी बजेटच्या सिनेमांसाठीच्या अमेरिकन इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांची नामांकनं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतात. तिथे बजेटची कमाल मर्यादा तीन कोटी डॉलर, आणि त्यातल्या जॉन कॅसाव्हेटिस पुरस्कारासाठी दहा लाख डॉलरच्या आतली. समीक्षकांच्या 'भाकितां'च्या याद्या मात्र तक्त्यात घेऊच नयेत. त्या एकमेकींकडे बघून बनतात, आणि ऑक्टोबरनंतर तीच दहा-बारा नावं फिरत राहतात.

वेळ किती जातो? मोठ्या फेस्टिव्हलचा निकाल लागला की पंधरा मिनिटं, एरवी आठवड्याला पाच. फक्त डिसेंबर-जानेवारीत जास्त. सोहळा झाल्यावर वितरक न मिळालेल्या ओळी पुसायच्या नाहीत. सीझनचा रकाना एका वर्षाने पुढे सरकवायचा आणि मेमध्ये त्याच ओळींपासून सुरुवात करायची.