डिव्हिडंडवाले शेअर घेऊन वर्ष होत आलं, माझा अनुभव

२०२४ च्या दिवाळीआधी बोनसचे पैसे होते, म्हटलं एफडी नको, यावेळी डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते ते पैसे) देणारे शेअर घेऊन बघू. कोल इंडिया ४०, आयटीसी ३०, पॉवर ग्रिड ३० आणि टीसीएस फक्त ३, सगळे मिळून साधारण ५६ हजार.

पहिला मेसेज आला तेव्हा काय आनंद! कोल इंडियाने शेअरमागे १५.७५ रुपये दिले, म्हणजे ६३० रुपये खात्यात, काही न करता. नंतर ५.६० आणि ५.१५ पण आले. टीसीएसने जानेवारीत १० आणि वर ६६ स्पेशल असे शेअरमागे ७६ दिले, पण तो स्पेशल दरवर्षी धरून चालायचं नाही. आयटीसीचे ६.५० आले तेव्हा काकांचा फोन, "अगं टीव्हीवर ६५० टक्के दाखवतायत!" त्यांना सांगता सांगता नाकी नऊ आले की काका ते टक्के फेस व्हॅल्यूवर (शेअरची छापील किंमत, बाजारभाव नव्हे) असतात आणि आयटीसीची फेस व्हॅल्यू १ रुपया आहे.

आता खरं बोलते. ऑगस्टपर्यंत हातात आले २१०० च्या आसपास, म्हणजे पावणेचार टक्के पण नाही, आईची एफडी सात टक्के देते आणि ती हे मला दर रविवारी ऐकवते. त्यात फेब्रुवारीत मार्केट पडलं, ४९० ला घेतलेला कोल इंडिया ३६० च्या आसपास, तिथेच पाच हजार उडाले (कागदावर, पण झोप खरीच उडाली). विकला नाही तो निव्वळ डिव्हिडंड येतोय या आशेवर.

माझी एक चूक सांगते, सुरुवातीला मी ॲपमध्ये यील्डप्रमाणे (भावाच्या किती टक्के डिव्हिडंड मिळतो) यादी लावून वरून खाली बघत बसायचे. वेदांताने २०२२-२३ मध्ये शेअरमागे १०१.५० रुपये वाटले होते, पुढच्या वर्षी २९.५० वर आले, मग तो आधीच्या वर्षाचा यील्ड घेऊन काय करायचं? आणि एक्स-डेटच्या (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी विकायची आयडिया पण डोक्यात आली होती, पण त्या दिवशी भाव साधारण तेवढाच खाली उघडतो आणि वर टॅक्स आपल्या स्लॅबने लागतो, २०२० पासून डिव्हिडंड टॅक्स-फ्री राहिलेला नाही. एका कंपनीकडून वर्षाला १० हजारांच्या वर गेला तर टीडीएस (आधीच कापलेला टॅक्स) कापतात (एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ५ हजार होती), माझं तिथपर्यंत गेलंच नाही, तरी रिटर्नमध्ये दाखवावं लागतंच, एआयएसमध्ये (इन्कम टॅक्सच्या साइटवरचं आपल्या वर्षाच्या कमाईचं पत्रक) प्रत्येक कंपनीची नोंद दिसते.

सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं माहितीये? माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, डीमॅटला जुनाच आयएफएससी, त्यामुळे एका कंपनीचा डिव्हिडंड परत गेला. आधी डीमॅटमध्ये बँक बदलली, मग रजिस्ट्रारला (कंपनीच्या वतीने शेअर-डिव्हिडंडचं काम बघणारी संस्था) मेल, मग कॅन्सल चेक, परत मेल, दीड महिन्याने अडकलेले १३५ रुपये मिळाले तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. सात वर्षं कोणी मागितला नाही तर तो पैसा सरकारच्या आयईपीएफ फंडात जातो, तेव्हा आजोबांचे जुने कागदी शेअर घरात असतील तर आधी ते शोधा.

आयटीसीतून वेगळ्या झालेल्या आयटीसी हॉटेल्सचे ३ शेअर मात्र वेगळे पैसे न मोजता पडले पदरात, दहाला एक या हिशोबाने. आता यंदाचा बोनस परत यातच टाकायचा की सरळ निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांत पैसे टाकणारा फंड), तेवढं ठरत नाहीये. आईला विचारलं तर एफडीच म्हणणार.