गंज काढायला टेम्पो दिला, रंग मारून परत आला

आमचा टेम्पो टाटा 407, 2010 सालचा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी भरायची आणि आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं, हा रोजचा धंदा. गाडी यजमान चालवतात, हिशेब मी ठेवते. 2023 च्या पावसाळ्यात याच गाडीच्या गंजकामात आमचे पंचाण्णव हजार रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण बंदरावरच्या आणखी दोन गाडीवाल्यांकडून मी अगदी असंच ऐकलं आहे.

मासळीच्या गाडीला गंज खालून आणि आतून लागतो. क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या फटींतून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, आणि त्याच्या आडव्या पट्ट्यांवर दिवसभर ठिबकत राहतं. धो धो पावसात मीठ धुऊन जात असेल असं वाटतं, पण दोन पत्र्यांच्या जोडात आणि दरवाजाच्या खालच्या दुमडीत शिरलेलं मीठ तिथेच बसतं आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मऊ झाला होता, दोन्ही दरवाजे खालून कुरतडल्यासारखे झाले होते आणि केबिनच्या मागच्या आधाराजवळ चॅसीचे पापुद्रे सुटत होते.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. गाडी रिकामी असते तेव्हाच काम उरकायचं म्हणून घाटावरच्या एका गॅरेजला दिली. गॅरेज मोठं, बाहेर रंगवलेले ट्रक रांगेत उभे. मालकाने गाडीभोवती फिरून सांगितलं, सडलेला सगळा पत्रा कापून 18 गेज जाडीचा नवा टाकतो, चॅसी घासून खालून कोटिंग करतो, अठ्ठ्याहत्तर हजार होतील. "वहिनी, पुढची दहा वर्षं बघायला नको," हे त्याचे शब्द. चाळीस हजार रोख दिले. हातात मिळाली ती वहीच्या कागदावरची चिठ्ठी, त्यावर फक्त आकडा आणि सही.

जूनभर फोन केला की उत्तर एकच, पाऊस आहे, रंग सुकत नाही. जुलैच्या मध्यावर त्याचाच फोन आला की आतून जास्त सडलंय, सतरा हजार वाढतील. यजमान म्हणाले, मी येऊन बघतो. तर म्हणाला, आत्ता गाडी खोललेली आहे, बघण्यासारखं काही नाही, फोटो पाठवतो. फोटो आले चार. आज ते काढून पाहते तर एकातही आमच्या गाडीची ओळख पटेल असं काही दिसत नाही. तेव्हा आमच्या ते लक्षात आलं नाही.

गाडी हातात आली 29 जुलैच्या संध्याकाळी. दोन दिवसांनी बोटी बाहेर पडणार, क्रेटवाल्याला आणि बर्फवाल्याला आगाऊ पैसे दिलेले. रंग झगझगीत, खालून सगळं काळं गुळगुळीत. उरलेले पैसे मोजून गाडी घेऊन आलो. माझ्या मते ही तारीख त्याने मुद्दाम साधली. आधी दिली असती तर आम्ही कोणा जाणत्याला दाखवली असती.

दिवाळीच्या सुमाराला दरवाजाच्या खालच्या कडेला रंगावर मुगाएवढे फोड आले. बोटाने दाबला की फुटायचा आणि आतून तांबूस पाणी यायचं. फोन केला तर म्हणाला, खाऱ्या हवेला मी काय करू. डिसेंबरमध्ये घाटात क्लचजवळचा पत्रा खचला आणि यजमानांच्या टाचेखाली भोक पडलं. सुदैवाने गाडी चढावर होती, वेग नव्हता.

पण खरा प्रकार उघडा पडला तो पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला. व्यावसायिक गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो. निरीक्षकांनी चॅसी नंबर दाखवा म्हटलं, तर नंबरच दिसेना, त्यावर काळ्या कोटिंगचा थर. स्क्रू ड्रायव्हरने खरवडायला घेतलं तेव्हा नंबर सापडला, पण त्याच्या शेजारी कोटिंगचा हाताएवढा तुकडा निघून आला आणि त्याला आतून गंजाचे पापुद्रे चिकटलेले. म्हणजे चॅसी घासलीच नव्हती. गंजावर, मिठावर सरळ डांबरासारखा थर फासला होता. आतला ओलावा आतच कोंडला आणि सहा महिन्यांत पूर्वीपेक्षा जास्त सडलं. नंबरवरून कोणी ग्राइंडर फिरवला असता तर वेगळंच संकट होतं, कारण पुन्हा नंबर कोरायला आरटीओची परवानगी लागते.

पासिंग लांबलं. गाडी आमच्या इथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दरवाजावरून फिरवलं. वरच्या भागात घट्ट चिकटलं, खाली आलं की सुटून हातात. खाली पत्र्याऐवजी लांबी होती, म्हणजे पुट्टी, काही ठिकाणी अर्धा इंच जाड. लांबी पाणी शोषते, त्यामुळे तिच्यामागे गंज आणखी जोरात धावतो, हे चाचांनी खरवडून दाखवलं. पायाखाली जुन्या सडक्या पत्र्यावरच ऑइलच्या डब्याचा पातळ पत्रा रिव्हेट मारून बसवला होता आणि त्यावर काळा थर. केबिनच्या आधाराजवळची पट्टी तर वेल्डिंगच्या चार टाक्यांवर उभी होती. केबिनचा भार जिथे येतो तिथे चार टाके! हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो, कारण त्या गाडीत माझा माणूस रात्री दोन वाजता घाट चढतो.

दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात, तीही लांबीने बुजवलेली. काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी दरवाजातच साठत होतं.

हिशेब माझ्याकडे असल्याने मी चिठ्ठ्या काढून बसले. शेवटच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं "पत्रा 18 गेज, 4 शीट". आठ बाय चार फुटांची 18 गेजची एक शीट साधारण 28 किलोची. चार म्हणजे 112 किलो नवा पत्रा. चाचांनी काढलेलं सगळं मिळून एक शीटसुद्धा भरत नव्हती. आणि एक प्रश्न मला जुलैतच सुचायला हवा होता. एवढा पत्रा कापला असेल, तर कापलेला जुना पत्रा कुठे आहे? तो भंगारात विकायचा तरी आधी गाडीच्या मालकाला दाखवता येतो. आता कोणी गाडी गंजकामाला देत असेल तर मी पहिलं हेच सांगते, कापलेले तुकडे पोत्यात भरून मागा.

त्या गॅरेजवाल्याने पैसे परत दिले नाहीत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेला व्यवसाय असेल तर बसते, हे तेव्हा कळलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फीही नाही आणि मुदत दोन वर्षांची. आमचं अडलं ते पुराव्यावर. पक्कं बिल नाही, रोख दिलेले पैसे, चिठ्ठीवर गॅरेजचं नावसुद्धा नाही आणि काम सुरू होण्याआधीचे गाडीचे फोटो आमच्याकडे नाहीत. वकिलांनी तक्रार घेतली, पण फार आशा ठेवू नका असंही स्पष्ट सांगितलं.

चाचांनी काम हाती घेतलं तेव्हा आधी दोन दिवस गाडी नुसती गोड्या पाण्याने धुतली, जोडांत पाइप घालून. मग वायर ब्रशने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली. पैसे टप्प्याने ठरले, कापणं झालं की इतके, वेल्डिंग झालं की इतके, रंगाचे शेवटी. एका सकाळी त्यांचा फोन आला, "वहिनी, दुपारी प्रायमर मारतोय, त्याआधी बघून जा." मी रिक्षा करून गेले. केबिनचा तळ उघडा होता, नव्या पत्र्याच्या चारही कडांना वेल्डिंगचा सलग पट्टा, दरवाज्यांची भोकं मोकळी, आणि कोपऱ्यात पोतंभर सडका पत्रा बांधून ठेवलेला. सगळ्याचे फोटो काढले, चॅसी नंबरचाही काढला, आणि मग वेल्डिंगचे पैसे त्यांच्या हातात दिले.