'ओरिजिनल मोनो' प्लेट आणि 'खरं मोनो' कार्ट्रिज : जोडीनं घेऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुन्या एलपी, म्हणजे गाण्याच्या रेकॉर्डच्या प्लेटा, घेणाऱ्यांसाठी लिहितोय. 'ओरिजिनल मोनो' प्लेट आणि 'खरं मोनो' कार्ट्रिज एकाच माणसाकडून एकत्र घेऊ नका. मोनो म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, स्टीरिओ म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळा. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, तिच्या हालचालीतून आवाज काढणारा छोटा भाग. मला गंडवलं ते या जोडीनंच. एकाची खोट दुसरं झाकत होतं.

कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे, मल्लिकार्जुन मन्सूर पलीकडे धारवाडचे. त्यामुळे शास्त्रीय गायनाच्या जुन्या प्लेटांना इकडे गिऱ्हाईक कायम, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक. घरी बोलावलं, चहा आणि कुंदा पुढं ठेवला, मग प्लेट लावली. "काका, ऐका की, दोन्ही बॉक्समधनं आवाज सारखाच हाय का नाही? ह्यालाच मोनो म्हणत्यात." आवाज सारखा होता खरा. कव्हरवर ईएएलपी क्रमांकही होता. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर ईएएलपी, ईसीएलपी ही अक्षरं मोनोची, ईएएसडी, ईसीएसडी स्टीरिओची. प्लेटचे अडीच हजार आणि कार्ट्रिजचे चौदा हजार मोजले.

तीच प्लेट टिळकवाडीतल्या मित्राकडे साध्या स्टीरिओ कार्ट्रिजवर लावली तर गळा एका बाजूला पातळ, किरकिरा आणि तबल्याचा बायाँ दुसऱ्या बाजूला घुमतोय! मूळ मोनो ध्वनिमुद्रणातले खालचे आणि वरचे स्वर यंत्रानं दोन बाजूंना वाटून स्टीरिओचा भास करायचा, अशी पद्धत त्या काळी होती. ही तसलीच नंतरची आवृत्ती. लेबलवर दुकानदाराची किमतीची जुनाट चिठ्ठी होती. ती ओली करून काढली तर खाली 'स्टीरिओ' छापलेलं. कव्हर तेवढं खऱ्या मोनोचं.

मग विकणाऱ्याकडे ती मोनो कशी वाजली? मोनोच्या खाचेत संगीत सुईच्या फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टीरिओत खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज असतात, म्हणून सुई वरखालीही हलते. खऱ्या मोनो कार्ट्रिजला वरखालीचं ऐकूच येत नाही. मला दिलेलं कार्ट्रिज साधं स्टीरिओच होतं. आत दोन्ही चॅनल बारीक तारेनं जोडून वर एपॉक्सी थापलेलं. अशा जोडणीवर दोन्ही बाजूंमधला फरक नाहीसा होतो आणि कुठलीही प्लेट मोनो होऊन वाजते. त्यानं आपला खोटा माल आपल्याच खोट्या काट्यावर तोलून दाखवला होता.

जोडणीत तसं वावगं काही नाही. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर तेच काम फुकटात होतं. चौदा हजार कशाचे, हा प्रश्न आहे. डेनॉन डीएल-१०२ हे खरं मोनो, त्याला मागं तारा जोडायच्या पिनाच दोन, स्टीरिओला चार. अर्थात चार पिना दिसल्या म्हणून खोटंच, असंही नाही.

सुईबाबतही त्यानं थाप मारली. म्हणे एकच सुई सगळ्याला चालते, ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या प्लेटांनाही. ७८ ला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. १९५० च्या दशकातल्या मोनो एलपीला २५ मायक्रॉन बसतं, स्टीरिओला १८ च्या आसपास. नंतरच्या बऱ्याच मोनो प्लेटा स्टीरिओच्याच यंत्रावर कापलेल्या, त्यांना १८ चालतं. आपल्याकडे तर १९७० च्या दशकातही मोनो निघत होत्या. उलट, वरखाली न लवणारी जुनी मोनो सुई स्टीरिओ प्लेटवर ठेवली तर खाच खरवडून निघते.

प्लेट पारखायची असेल तर आपलं स्टीरिओ कार्ट्रिज हेडशेलसकट (ते ज्यात बसवलेलं असतं त्या टोपणासकट) बरोबर न्या. त्याच्या मागच्या लाल आणि हिरव्या तारांची अदलाबदल करा आणि मोनोचं बटण दाबा. प्लेट खरी मोनो असेल तर गाणं जवळजवळ गडप होतं, उरते खरखर. गाणं बरंचसं ऐकू येत राहिलं तर पैसे काढू नका. विकणारा तारांना हात लावू देत नसेल तरी काढू नका. तपासून झाल्यावर तारा पूर्ववत करा, नाहीतर घरी सगळंच विचित्र वाजेल.

मी फोन केला तर म्हणाला, "जुना माल काका, परत घेत नसतो." पावती नव्हतीच. पुढं निपाणीच्या एका ओळखीच्यानं मला प्लेट आणि कार्ट्रिजचे फोटो पाठवले, घेऊ का म्हणून. जोडी तशीच, लेबलवर चिठ्ठी तशीच, भाव मात्र दोन हजारांनी चढलेला.