फुकट मिळालेलं ग्राफिक कार्ड

फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो नमुना, ताब्यात घेताना आम्ही ड्रॉइंग हातात धरून व्हर्नियरनं मापं तपासतो. अर्धा मिलिमीटर फरक निघाला की पॅटर्न आल्या पावली परत. आणि ३९,५०० रुपयांचा कॉम्प्युटर घेताना मी कॅबिनेटचं झाकणसुद्धा उघडायला लावलं नाही. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीनवर चित्र आलं. पैसे दिले आणि डबा रिक्षात घालून कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरी आलो.

शिवाजी उद्यमनगरातल्या दोन-तीन फाउंड्र्यांसाठी मी घरी बसून पॅटर्नची आणि कोअर बॉक्सची (ओतीव भागातली पोकळी राखणारा गाभा ज्यात पाडतात ती पेटी) ड्रॉइंग करतो. एका स्क्रीनवर मॉडेल, दुसऱ्यावर गिऱ्हाइकाचं मूळ ड्रॉइंग, तिसऱ्यावर मेल आणि व्हॉट्सॲप, अशी माझी गरज. दोन मॉनिटर घरी होते, तिसरा नवा घेतला. राहिला होता डबा. दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगितलं, मला तीन स्क्रीन पाहिजेत, गेम खेळायचे नाहीत. तो म्हणाला, "मग कशाला ग्राफिक कार्डावर पैसे घालताय साहेब? बोर्डावरच तीन पोर्ट देतो. हुतंय की सगळं."

त्याचं हे म्हणणं बरोबर होतं, हे आधी लिहितो. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं कोटेशनही बरोबर होतं : इंटेल आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर आणि बी६६० चिपसेटचा (बोर्डावरची जोडणी सांभाळणारी चिप) मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, त्यावर मॉनिटर जोडायचे एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए हे तीन पोर्ट, रॅमचे चार स्लॉट. या प्रोसेसरच्या पोटातच स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स असतं, त्यासाठी वेगळं कार्ड लागत नाही, आणि बी६६० चार डिस्प्लेपर्यंत साथ देतो. कागदावर एक पैशाची खोट नव्हती.

डबा न्यायला गेलो तेव्हा त्यानं खांद्यावर हात ठेवला. "हे ग्राफिक कार्ड आमच्याकडनं फ्री. आपल्या माणसाला एवढं तर लागतंयच की." मी खूश. कार्डाची गरज नाही म्हणणारा माणूस कार्ड फुकट का देतोय, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

घरी दोन मॉनिटर त्या कार्डाला जोडले, चालू झाले. तिसरा बोर्डाच्या एचडीएमआयला लावला तर 'नो सिग्नल'. फोन केला. "बायोसमधलं सेटिंग असतंय ते. घेऊन या." बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डातलाच प्रोग्राम. दोन दिवस डबा दुकानात. परत आणला तरी तेच. मग तिसरी केबल कार्डावरच्या उरलेल्या पोर्टात घातली. तिसरा उजळला की पहिल्या दोघांतला एक विझायचा. परत फोन. या खेपेला त्यानं ८५० रुपयांना एक स्प्लिटर दिला, काळी डबी, एक एचडीएमआय आत आणि दोन बाहेर. "आता तीन काय, चार चालवा."

तिन्ही स्क्रीन उजळल्या खऱ्या, पण दोघींवर चित्र एकच! डावीकडं माउस हलवला की मधल्या स्क्रीनवरही तोच बाण तसाच हलायचा. स्प्लिटर एकाच चित्राच्या दोन प्रती काढतो, नवी स्क्रीन देत नाही. हे त्या दुकानदाराला ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

रविवारी भाचा आला. इंजिनीअरिंगला आहे. "मामा, झाकण काढू का?" म्हणाला आणि माझ्या होकाराची वाट न बघता दोन स्क्रू काढले. मोबाइलच्या टॉर्चमध्ये बोर्डावर प्रोसेसर आणि स्लॉटच्या मधे पांढरी अक्षरं छापलेली दिसली : एच६१०एम. म्हणजे कोटेशनमधला बी६६० नव्हेच. रॅमचे स्लॉट दोनच. मागं एचडीएमआय आणि व्हीजीए, डिस्प्लेपोर्ट नावालाही नाही. हे मागचे पोर्ट तर झाकण न काढताही दिसत होते. मी मोजलेच नव्हते.

मग त्यानं टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरच्या नावावर बोट ठेवलं. १२४००, आणि पुढं एफ. ते अक्षर मी आठवडाभर बघत होतो, कंपनीचा काही शिक्का असेल म्हणून सोडून दिलं होतं. सगळी मेख त्या एफमध्ये होती. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी एफ असला की त्यात ग्राफिक्स नसतं. मदरबोर्डाच्या मागचे पोर्ट स्वतः चित्र तयार करत नाहीत, प्रोसेसरकडून आलेलं बाहेर काढतात. विहिरीत पाणी नसताना नळ कितीही बसवले तरी कोरडेच. प्रोसेसर एफ असेल तर बोर्डावर तीन पोर्ट असोत नाहीतर चार, शोभेचेच. बायोसमध्ये कार्ड आणि बोर्ड दोन्हीचे डिस्प्ले एका वेळी चालू ठेवायचं सेटिंग खरंच असतं, दुकानदार त्याचंच नाव घेत होता. पण ते प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर. माझ्या बायोसमध्ये ती ओळच नव्हती.

आता फुकटच्या कार्डाचा उलगडा झाला. एफ प्रोसेसर लावल्यावर कार्डाशिवाय चित्रच आलं नसतं आणि दुकानातच बिंग फुटलं असतं. ते कार्ड निघालं जीटी ६१०, २०१२ सालचं. त्यावर व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय असे तीन पोर्ट आहेत, पण एका वेळी चालतात दोनच. त्या पिढीच्या कार्डांचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीनं २०१८ मध्येच बंद केलेत. मॉडेल फिरवताना स्क्रीन का अडखळते, याचंही उत्तर तिथंच मिळालं.

दुसऱ्या दुकानांत भाव विचारले. प्रोसेसरमध्ये अडीच हजारांचा आणि बोर्डात साडेतीन हजारांचा फरक निघाला. म्हणजे भंगारातलं कार्ड 'आपल्या माणसाला' देऊन गडी सहा हजार खाऊन बसला होता.

कोटेशन घेऊन दुकानात गेलो. पहिलं उत्तर, "स्टॉक नव्हता, त्याच रेंजमधलं लावलंय." दुसरं, "एफ लेटेस्ट असतंय साहेब." दोन्ही खोटं. बिल मागितलं तर हातात 'एस्टिमेट' लिहिलेला कागद ठेवला. त्यावर जीएसटी नंबर नाही, सिरीयल नंबर नाही, प्रोसेसरच्या रकान्यात नुसतं 'आय-फाइव्ह बारावी जनरेशन'. अठरा टक्के वाचतील म्हणून पक्क्या बिलाचा आग्रह मीच धरला नव्हता, तेव्हा ही चूक निम्मी माझी. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, ग्राहक मंचात तुमचं चालत नाही." इथं मी घाबरलो, हे कबूल करतो.

पण तेही खरं नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारासाठीची धरत नाहीत. घरी बसून एकट्यानं ड्रॉइंग करणारा माणूस ग्राहकच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली. सोबत व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, यूपीआयची पावती आणि बोर्डावरच्या त्या पांढऱ्या अक्षरांचा फोटो. पक्कं बिल नसताना या तीन गोष्टींनीच तारलं. तीन आठवड्यांनी दुकानदाराचाच फोन आला आणि ५,००० रुपये यूपीआयनं परत आले. हजार बुडाले, स्प्लिटरचे ८५० वेगळे. आयोगापर्यंत जायला हवं होतं असं भाचा अजून म्हणतो, पण माझ्याकडं तेवढे दिवस नव्हते, दोन कोअर बॉक्स अडकले होते.

बोर्ड आणि प्रोसेसर तेच ठेवले. दुसऱ्या दुकानातून पक्क्या बिलावर एनव्हिडियाचं टी४०० कार्ड घेतलं. त्यावर तीन मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत आणि तिन्ही एकदम चालतात. कार्ड वेगळं घेणार असाल तर एफ प्रोसेसर वाईट नाही, उलट स्वस्त पडतो. बोर्डावरच भागवायचं असेल तर मात्र त्या एका अक्षरावर सगळं येऊन थांबतं. एएमडीत गोष्ट थोडी उलटी आहे : रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे, आणि ७००० मालिकेत एफ सोडून बहुतेकांत कामापुरतं आहे. बोर्डातही जुन्या एच८१, एच११० वर प्रोसेसर कितीही चांगला असला तरी दोनच डिस्प्ले निघतात. हे बोर्ड अजून 'नवे' म्हणून खपवले जातात, त्यामुळं नुसते पोर्ट मोजून भुलू नका. एच६१० वर तीन निघू शकतात, पण तेवढे पोर्ट त्या बोर्डाच्या मागं असले पाहिजेत.

दुकानातच तीन मॉनिटर जोडून तिन्हींवर वेगवेगळ्या खिडक्या उघडायला लावा. नाही म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा. सीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर न्या. मेनबोर्डच्या पानावर बोर्डाचं मॉडेल आणि चिपसेट एका मिनिटात दिसतो. खोक्यावरचा सिरीयल नंबर, बोर्डावरच्या स्टिकरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवा. खोकं 'आम्ही ठेवतो' म्हणाला तर ठेवू देऊ नका. माझं खोकं त्यानं असंच ठेवून घेतलं होतं.

स्प्लिटर मात्र वाया गेला नाही. आमच्या पेठेच्या तालमीत दोन टीव्ही आहेत, आत एक आणि कट्ट्यावर एक. फुटबॉलची मॅच असली की आत कोण बसणार यावरनं वाद व्हायचे. आता काळी डबी तिथं लावलीय, दोन्हीकडं एकच मॅच दिसते.