माइनक्राफ्ट की मारिओ कार्ट?

मुलं घरीच शिकतात, त्यामुळे दिवसभर आपण एकमेकांसमोरच असतो. मग संध्याकाळी एकत्र खेळायला कोणता गेम घ्यावा, असं एका मैत्रिणीने विचारलं. तिचं मन माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी जग बांधायचा व्हिडिओ गेम) आणि मारिओ कार्ट (गाड्यांच्या शर्यतीचा) या दोनांत अडकलं होतं.

वेळेचं म्हणाल तर 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' (२०१७) सरळ आहे. शर्यत काही मिनिटांत संपते, चार शर्यतींचा कप झाला की उठायचं. माइनक्राफ्टला शेवटच नाही. त्यातला एक दिवस-रात्र २० मिनिटांचा, आणि "आता रात्र झाली, एवढी भिंत होऊ दे" हे संपत नाही.

वयाच्या फरकात कार्ट पुढे. स्मार्ट स्टीअरिंग लावलं की धाकटं रस्त्याबाहेर पडत नाही. मात्र हरल्यावरची रडारड तुमच्या वाट्याला! माइनक्राफ्टमध्ये भांडण होतं ते कुणी कुणाचं घर पाडलं यावरून. पीसफुल मोड लावला तर निदान राक्षस येत नाहीत.

शिकण्याचं गाजर मला पटत नाही. तरी माइनक्राफ्टमधल्या रेडस्टोनचा (विजेच्या तारेसारखं काम करणारी वस्तू) सिग्नल १५ ठोकळ्यांनंतर का मरतो, हे मुलं स्वतः शोधतात, तेव्हा मजा येते. पण त्याचा लगेच धडा करू नका, खेळ तिथेच मरतो.

साधनांचं पाहा. कार्टला निन्टेन्डोचा स्विच (गेम खेळायचं यंत्र) हवाच, एका पडद्यावर चौघं खेळतात. माइनक्राफ्ट बहुतेक यंत्रांवर चालतो, पण जावा आणि बेडरॉक या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

दिवसभर शिकवून थकला असाल, तर कार्ट. मोठी मुलं असतील आणि रविवार मोकळा असेल, तर माइनक्राफ्ट.